रोंदारुकियाची गुहा : ज्या भुयाराने जपानच्या एका पिढीला रडवलं

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी 'टीव्ही गेम' होता, त्यांना पिवळ्या-लाल कॅसेट, फुंकर मारून ती लावणं आणि काँट्राची शेवटची लाइफ आठवत असेल. आपल्याकडची ती बहुतेक यंत्रं म्हणजे जपानच्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. मारिओ आपल्याकडे आला, काँट्रा आला, डक हंट आला. पण फॅमिकॉमवर जपानी पोरांनी ज्या खेळासाठी रात्री जागवल्या, तो प्रकार आपल्यापर्यंत फारसा पोहोचलाच नाही. तो म्हणजे रोल-प्लेइंग गेम, थोडक्यात आरपीजी.

कारण साधं होतं. त्या खेळात वाचायला भरपूर होतं, आणि ते सगळं जपानीत होतं.

याच खेळांमधल्या एका भुयाराची ही गोष्ट. त्याचं नाव रोंदारुकियाची गुहा. खेळाचं नाव ड्रॅगन क्वेस्ट २. आज जवळपास ४० वर्षं होत आली, तरी जुन्या जपानी खेळाडूसमोर 'रोंदारुकिया' म्हणा, तो आधी हसेल आणि मग सुस्कारा सोडेल.

या गुहेत असं होतं तरी काय?

आधी खेळ समजून घेऊ

ड्रॅगन क्वेस्टचा पहिला भाग मे १९८६ मध्ये एनिक्स या कंपनीने बाजारात आणला. गोष्ट आणि रचना युजी होरी यांची, प्रोग्रामिंग कोइची नाकामुरा यांच्या चुनसॉफ्टचं, संगीत कोइची सुगियामा यांचं. चित्रं काढली होती अकिरा तोरियामा यांनी. हो, तेच, ड्रॅगन बॉलवाले. गोकूला ज्यांनी जन्म दिला, त्यांनीच या खेळातले राक्षसही काढले.

पहिल्या भागात एकच नायक होता आणि समोर एका वेळी एकच राक्षस यायचा. खेळ जोरात चालला. मग दुसरा भाग आला तो २६ जानेवारी १९८७ रोजी, म्हणजे जेमतेम ८ महिन्यांत. कॅसेटची क्षमता ६४ किलोबाइटवरून १२८ किलोबाइट झाली. आज मोबाइलवरचा एक साधा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो. पण तेवढ्या जागेत त्यांनी एक अख्खं जग बसवलं. समुद्र, जहाज, डझनभर गावं आणि एकाऐवजी ३ नायक.

गोष्ट अशी. पहिल्या भागानंतर १०० वर्षं उलटली आहेत. हारगॉन नावाचा एक दुष्ट धर्मगुरू मूनब्रूकचा किल्ला उद्ध्वस्त करतो. एक जखमी सैनिक कसाबसा लोरेशियाच्या राजापर्यंत पोहोचून बातमी देतो आणि जीव सोडतो. मग पहिल्या नायकाचे ३ वंशज एकत्र येतात.

लोरेशियाचा राजपुत्र हा नुसता पैलवान. त्याला मंत्र एकही येत नाही. समालटोरियाचा राजपुत्र थोडं लढतो, थोडे मंत्र म्हणतो, पण दोन्हींत मध्यम. मूनब्रूकची राजकन्या मंत्रांत जबरदस्त, पण अंगाने नाजूक. खेळाच्या सुरुवातीला ती शापामुळे कुत्रा होऊन बसलेली असते, ते वेगळंच.

हारगॉनचा किल्ला आहे रोंदारुकिया नावाच्या उंच बर्फाळ पठारावर. चारही बाजूंनी डोंगर. वर जायला वाट एकच, डोंगराच्या पोटातली गुहा.

गुहेचं दार उघडणंसुद्धा सोपं नाही

आधी समुद्राखालच्या गुहेतून एका दुष्ट देवाची मूर्ती मिळवायची. मग ती घेऊन डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दलदलीत जायचं आणि ठरावीक जागेवर ती वर धरायची. मग डोंगर दुभंगतो आणि दार उघडतं.

गंमत म्हणजे ही गुहा एकदा पार करून भागत नाही. खेळात ५ मुद्रा गोळा कराव्या लागतात. सूर्य, चंद्र, तारा, पाणी आणि जीवन. यातली जीवनमुद्रा याच गुहेत दडवलेली आहे. पाचही मुद्रा जमल्या की रुबिस देवीचा ताईत मिळतो, आणि त्या ताईताशिवाय हारगॉनच्या किल्ल्यात काही साधत नाही. म्हणजे ज्याला हे माहीत नव्हतं, तो जीव मुठीत धरून गुहा पार करायचा, वर पोहोचायचा आणि मग त्याला कळायचं की खाली काहीतरी राहिलं आहे.

आत गेल्यावर काय होतं?

गुहेला अनेक मजले आहेत आणि आपल्याला खालून वर चढत जायचं असतं. वाटेत त्रास देणाऱ्या गोष्टी मुख्यतः ३.

पहिली, न दिसणारे खड्डे. जमीन सगळीकडे सारखीच दिसते. तुम्ही निवांत चालत असता आणि अचानक खालच्या मजल्यावर आदळता. तिथून पुन्हा जिना शोधा, पुन्हा वर या, पुन्हा त्याच जमिनीकडे बघा आणि आठवा, की मघाशी नेमकं कुठे पडलो होतो?

बरं, खड्डे टाळणं हाच उपाय असता तरी चाललं असतं. पण होरींनी त्यातही मेख मारून ठेवली आहे. या गुहेतली एक उत्तम तलवार अशा जागी आहे, की तिथे पोहोचायला वरच्या मजल्यावरच्या ठरावीक खड्ड्यातून मुद्दाम पडावं लागतं. म्हणजे काही खड्डे चुकवायचे आणि एक शोधायचा.

दुसरी गोष्ट, चकवा. आपल्याकडे रानात चकवा लागतो म्हणतात ना, माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पुन्हा त्याच झाडाखाली असतो, अगदी तेच. गुहेत एकसारख्या दिसणाऱ्या वाटांचं जाळं आहे. चुकीचं वळण घेतलं की खेळ तुम्हाला गुपचूप उचलून हुबेहूब तशाच दिसणाऱ्या आधीच्या जागेवर ठेवतो. पडदा लुकलुकत नाही, आवाज होत नाही. तुम्हाला वाटतं आपण पुढे चाललो आहोत. प्रत्यक्षात तुम्ही तिथल्या तिथे फिरत असता.

त्या काळी यावर उपाय एकच, चौकटींचा कागद. पोरं गणिताच्या वहीत प्रत्येक पाऊल मोजून नकाशा काढायची. नकाशा कागदाच्या बाहेर जायला लागला, की समजायचं चकवा लागला.

तिसरी गोष्ट, राक्षस. हे सगळं शोधत असताना दर काही पावलांवर पडदा बदलतो आणि लढाई सुरू होते. आग ओकणारे ड्रॅगन आहेत. 'किलर मशीन' नावाचा लोखंडी मारेकरी आहे, जो एका फेरीत दोनदा वार करतो. आणि प्रत्येक लढाईत तुमच्याकडचं काहीतरी कमी होतं.

खरा खेळ हिशोबाचा आहे

आरपीजी न खेळलेल्या माणसाला वाटतं, की राक्षस मारायचे आणि पुढे जायचं, यात अवघड ते काय? तर अवघड आहे तो हिशोब.

समजा तुम्ही ट्रेकला निघालात. पाणी मोजकं आहे, वाट माहीत नाही, गड किती दूर आहे याचा पत्ता नाही. अर्धं पाणी संपलं की प्रश्न पडतो, परत फिरायचं की अजून थोडं पुढे जाऊन बघायचं? गुहेत दर ५ मिनिटांनी हाच प्रश्न पडतो. इथे पाणी म्हणजे मंत्रशक्ती. जखमा भरायला मंत्र लागतो, मोठे राक्षस उडवायलाही मंत्र लागतो, आणि शक्ती संपली की गुहेत ती भरून मिळत नाही.

परत फिरण्याची सोय आहे. रिरेमितो नावाचा मंत्र म्हटला की तुम्ही थेट गुहेबाहेर. पण मग पुढच्या वेळी पहिल्या पायरीपासून सुरुवात.

सामानाचंही तसंच. प्रत्येकाकडे फक्त ८ वस्तू मावतात आणि त्यात अंगावरची ढाल-तलवारही मोजली जाते. किल्ल्या, मुद्रा आणि मूर्ती बाळगता बाळगता औषधी पाल्याला जागाच उरत नाही.

आणि सगळ्यात नाजूक दुवा म्हणजे समालटोरियाचा राजपुत्र. मेलेल्या साथीदाराला उठवणारा झाओरिकु हा मंत्र या तिघांत फक्त त्यालाच येतो. तोच मेला तर? त्याला उठवायला जागतिक वृक्षाचं एक पान मिळतं, पण ते एका वेळी एकच जवळ ठेवता येतं. म्हणजे तो एकदा मेला तर पान वापरा. दुसऱ्यांदा मेला तर गाठा गाव. आणि तो मरतो, वारंवार मरतो. हा राजपुत्र जपानमध्ये आजही चेष्टेचा विषय आहे.

बाहेर पडलात? मग खरी परीक्षा आता

कित्येक तासांनी, कित्येकांच्या बाबतीत कित्येक दिवसांनी, शेवटचा जिना सापडतो. अंधारी गुहा संपते आणि पडदा पांढराशुभ्र होतो. चहूकडे बर्फ. ज्यांनी हा क्षण अनुभवला ते सांगतात, की इथे त्यांनी आनंदाने उडीच मारली.

आणि मग ४ पावलांवर लढाई सुरू झाली.

पठारावरच्या राक्षसांपुढे गुहेतले बरे वाटतात. गिगांतेस नावाचा एकडोळ्या राक्षस एका फटक्यात राजकन्येला आडवी करू शकतो. पण सगळ्यात बदनाम आहे तो ब्लिझार्ड. दिसायला बर्फाच्या ज्वाळेसारखा, आणि तो झाराकी मंत्र म्हणतो. हा मंत्र तुमची ताकद बघत नाही. तुम्ही कितीही सराव केलेला असो, जखम एकही नसो, मंत्र लागला तर माणूस जागेवर मेला. लागला की नाही, हे फक्त नशीब. आणि ब्लिझार्ड एकटा फिरत नाही, टोळीने येतो. ४ ब्लिझार्ड म्हणजे एका फेरीत ४ वेळा नाणं उडवणं.

त्यातूनही वाचलात तर डेव्हिल लॉर्ड आहे. हा मेगांते म्हणतो, म्हणजे स्वतःचा स्फोट करून घेतो आणि सोबत तुमच्या तिघांनाही घेऊन जातो. जिंकत आलेली लढाई एका ओळीत संपते.

पठारावर आधार एकच, एक छोटंसं देऊळवजा ठिकाण. तिथे जखमा बऱ्या होतात, मंत्रशक्ती भरते आणि खेळ जपून ठेवता येतो. तिथे पोहोचलात तर पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात. त्याच्या १० पावलं आधी मेलात तर गुहा पुन्हा पहिल्यापासून.

या एका कारणासाठी गुहेचा शेवटचा जिना आणि ते देऊळ यांच्यातलं छोटंसं अंतर अनेक खेळाडूंना अख्ख्या खेळातलं सगळ्यात भीतीदायक अंतर वाटतं.

५२ अक्षरांचा मंत्र

आता या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट. 'खेळ जपून ठेवणं' म्हणजे आजच्यासारखं बटण दाबणं नव्हतं.

ड्रॅगन क्वेस्ट २ च्या जपानी कॅसेटमध्ये माहिती साठवायची सोयच नव्हती. त्याऐवजी खेळ तुम्हाला एक पासवर्ड द्यायचा. त्याचं नाव होतं 'पुनरुज्जीवनाचा मंत्र'. पहिल्या भागात तो २० अक्षरांचा होता. दुसऱ्या भागात नायक ३, त्यांचं सामान, त्यांचा अनुभव, सगळं त्यात कोंबायचं म्हणून तो वाढत वाढत ५२ अक्षरांपर्यंत जायचा.

ही ५२ अक्षरं टीव्हीसमोर बसून वहीत उतरवायची. दुसऱ्या दिवशी एकेक करून परत भरायची. एक अक्षर चुकलं की पडद्यावर उत्तर यायचं, 'मंत्र चुकीचा आहे'. बस्स. कुठे चुकला ते नाही.

आपल्या घ आणि ध मध्ये, भ आणि म मध्ये घाईत जसा घोळ होतो, तसाच जपानी हिरागाना लिपीत मे आणि नु, वा आणि ने या अक्षरांत होतो. शिवाय बा आणि पा यांत फरक फक्त अक्षराच्या डोक्यावरच्या दोन रेघा की छोटं वर्तुळ एवढाच. जुन्या टीव्हीच्या धुरकट पडद्यावर तो ओळखायचा. आठवडाभराची मेहनत एका वर्तुळात बुडालेली पोरं तेव्हा घरोघरी होती. त्यामुळे हुशार पोरं मंत्र दोनदा लिहायची, आणि आदल्या दिवशीचा मंत्र कधीच खोडायची नाहीत.

या मंत्राचा एक मजेदार किस्सा आहे. 'युतेई, मियाओ, किमुको' या टोपणनावांनी सुरू होणारा, पुढे होरी आणि तोरियामा यांची नावं असलेला आणि शेवटी 'पे पे पे पे' असा बडबडणारा एक पासवर्ड खेळाडूंमध्ये पसरला. तो भरला की थेट ४८ व्या पातळीचा, 'म्योमोतो'सारखं काहीतरी उच्चारता न येणारं नाव असलेला राजपुत्र मिळायचा. इंटरनेट नसताना ही युक्ती देशभर पोहोचली.

एवढं अवघड का केलं?

याचं उत्तर ऐकून अनेकांना धक्का बसतो. बरंचसं अवघडपण ठरवून केलेलं नव्हतं. वेळ कमी पडला होता.

पहिल्या भागात एक नायक, एक राक्षस, त्यामुळे हिशोब सोपा होता. दुसऱ्या भागात ३ नायक आणि राक्षसांच्या टोळ्या. कोण कधी किती ताकदीचा असेल, हे जुळवून बघायला खेळ पुन्हा पुन्हा खेळून पाहावा लागतो. ८ महिन्यांत खेळ उभा करायचा होता. सुरुवातीचे भाग नीट तपासले गेले, पण शेवटच्या भागाचा समतोल साधायला पुरेसा वेळ मिळाला नाही, हे नंतर निर्मात्यांनीच मान्य केलं.

खड्डे आणि चकवा ही होरींची खोडी. पण पठारावर जे होतं त्यात घाईचा वाटा मोठा.

तरीही खेळ खपला. जपानमध्ये त्याच्या सुमारे २४ लाख प्रती विकल्या गेल्या. त्यामागे एक गोष्ट होती, जी सहसा लक्षात येत नाही. या खेळात तुम्ही मेलात तर जवळचं निम्मं सोनं जातं, पण मिळवलेला अनुभव जात नाही. म्हणजे गुहेत १० वेळा मेलेला खेळाडू अकराव्या वेळी आत जातो तेव्हा थोडा जास्त ताकदवान असतो. त्याच्या वहीतला नकाशाही थोडा पुढे सरकलेला असतो. हात चपळ नसलेलं, काँट्रात दुसऱ्या मिनिटाला मरणारं पोरही इथे चिकाटीच्या जोरावर शेवटपर्यंत पोहोचू शकत होतं.

दुसरी गोष्ट शाळेतली. कुणाला खड्ड्यांची जागा माहीत, कुणाला चकव्यातून बाहेर पडायचं वळण. मधल्या सुट्टीत वह्या समोरासमोर यायच्या. एकट्याने न सुटणारं भुयार वर्गाने मिळून सोडवलं.

पुढे काय झालं?

१९८८ च्या फेब्रुवारीत तिसरा भाग आला तेव्हा कॅसेटमध्ये बॅटरी होती. खेळ कॅसेटमध्येच साठवता यायचा आणि ५२ अक्षरांपासून सुटका झाली. दुसरा भाग १९९० मध्ये अमेरिकेत 'ड्रॅगन वॉरियर २' या नावाने गेला. त्यातही बॅटरी होती. तिथे रोंदारुकियाचं नाव 'ऱ्होन' झालं.

१९९३ मध्ये सुपर फॅमिकॉमवर पहिले दोन भाग एकत्र आले आणि राक्षसांची धार बरीच कमी केली गेली. नंतरच्या मोबाइल आवृत्त्याही मूळ खेळापेक्षा सौम्य आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही भागांची अगदी नवी आवृत्ती आली. तिच्यात समालटोरियाच्या राजपुत्राची बहीणही चौथी साथीदार म्हणून सोबत येते. बिचाऱ्याला शेवटी मदत मिळाली.

तुम्हाला खेळून बघायचं असेल तर

जुनी आवृत्ती हाती लागली तर या ५ गोष्टी लक्षात ठेवा.

१. गुहेत पहिली फेरी फक्त शोधासाठी मारा. जीवनमुद्रा आणि चांगली शस्त्रं घ्या आणि मंत्र म्हणून बाहेर या. पार करायची फेरी वेगळी.

२. वृक्षाचं पान समालटोरियाच्या राजपुत्राजवळ ठेवू नका. तोच मेला तर ते वापरणार कोण?

३. नकाशा स्वतः काढा. इंटरनेटवर तयार मिळतो, पण तो बघून खेळलात तर या गुहेत उरतं ते फक्त चालणं.

४. बर्फावर पाऊल ठेवलं की लढायची खुमखुमी नको. पळता येईल तिथे पळा आणि आधी देऊळ गाठा.

५. हारगॉनच्या किल्ल्यात शिरल्यावर तो तुमच्या स्वतःच्या घरासारखा दिसेल. सगळे हसत असतील, सगळं छान असेल. फसू नका. तो आभास आहे, रुबिसचा ताईत वापरा.

आणि अगदी शेवटी, सिदो नावाच्या दुष्ट देवाशी लढताना तुम्ही त्याला मरायला टेकवलंत आणि त्याने बेहोमा मंत्र म्हणून सगळ्या जखमा एका क्षणात भरून घेतल्या, तर टीव्ही फोडू नका. १९८७ मधल्या जपानी पोरांच्या बाबतीतही हेच झालं होतं. त्यांनी पाणी पिऊन घेतलं, वही उघडली आणि ५२ अक्षरं पुन्हा भरायला घेतली.